समुद्राची वानगी

आमचे मोठेबाबा वानगी पाहिल्याशिवाय कशालाच हो म्हणत नसत. वानगी म्हणजे नमुना. जळगाव जामोदच्या बाजारात धान्याच्या पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढतात, तळहातावर फिरवतात, एखादा दाताखाली फोडतात आणि मगच भाव बोलतात. मोठ्याबाबांनी हीच रीत साऱ्या जन्माला लावली होती. बियाणं पेरायच्या आधी ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीजवळ ठेवायचे, कोंब आले तरच वाफ्यात. बैल घ्यायचा तर आधी आपल्या वखराला जुंपून पाहायचे. माझ्या चुलतबहिणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी चहाच्या आधी मळ्यात नेऊन वांग्याच्या वाफ्यांना पाणी धरायला लावलं होतं. मुलगा शाळामास्तर, नवी पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. पण त्यानं एकही वाफा फुटू दिला नाही, म्हणून लग्न ठरलं. मास्तर नंतर कित्येक वर्षं सांगत की त्यापेक्षा बी.एड.ची परीक्षा सोपी गेली.

हे मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील मी दुसरीत असताना गेले. तेव्हापासून आई आणि मी त्यांच्याच घरात होतो. माणूस जिवाचा चांगला, पण आवाज असा की ओसरीवर बोलले तरी तळ्यापलीकडच्या म्हशी मान वर करायच्या. त्यांनी मला शिकवलं, नागपूरला ठेवलं, एम.एस्सी. होऊ दिलं, वनस्पतिशास्त्रात. आणि तिथंच सगळं बिनसलं, कारण मला जी नोकरी मिळाली ती समुद्रावर.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. आमच्या सरांनी आम्हाला सहलीला रत्नागिरीकडे नेलं होतं. समुद्र पाहिला आणि मी चपला हातात घेऊन वेड्यासारखी पळाले. परत आले तेव्हा दोन्ही तळवे काळे. डांबराचे मऊ गोळे वाळूत पडले होते, ते चिकटलेले. खोबरेल लावून, दगडानं घासून, शेवटी रॉकेलनं ते निघालं. सर म्हणाले, ही लांबून जाणाऱ्या तेलाच्या जहाजांची कृपा, टाक्या धुतात आणि घाण समुद्रात सोडतात. तिथल्याच एका संस्थेत नवं काम निघत होतं. किनारा चालत जायचा, कुठं खडक, कुठं वाळू, कुठं चिखलातली खारफुटी हे बघायचं, आणि उद्या एखादं जहाज फुटलं तर कोणत्या किनाऱ्याला सगळ्यात जास्त धोका, हे आधीच ठरवून ठेवायचं. सरांनी विचारलं, करशील? मी हो म्हणून बसले. पाय अजून रॉकेलनं चुरचुरत होते.

गावात ही बातमी पसरली तेव्हा लोकांनी माझी जी टर उडवली, ती काय सांगू!

"समुद्रात तेल सांडते म्हनते! कोन्तं व बाई, शेंगदान्याचं का सरकीचं?"

"रॉकेल असन तं डबा भरून आनजो, राशनात भेटत नाही!"

"अन् सांडलं नाही तं? पगार भेटंन का?"

हा शेवटचा प्रश्न तसा रास्तच होता. जे अजून सांडलेलंच नाही त्याची काळजी करायचा पगार मिळतो, हे आमच्या गावात कोणाला पटणार? फुकटात काळजी करणाऱ्या बायका घराघरात होत्या.

मोठेबाबा मात्र हसले नाहीत. ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "मले वानगी दाखव."

"कशाची?"

"तुह्या कामाची. समुद्र मी पाह्यला नाही, तूही एकच डाव पाह्यला. पन तळं हाये ना आपल्याजोळ! त्याले समुद्र समज. सांग मले, तेल सांडलं तं कोन्त्या काठाचं वाटोळं होईन. खरं निंघालं तं जाय. नाही तं सोयरीक पाह्यतो अन् घरी बस."

असा तो सौदा. माझं अख्खं आयुष्य एका तळ्यावर येऊन ठेपलं. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, तिनं एकदा वळून पाहिलं आणि परत परातीकडे वळली. मला वाटलं, बरं झालं, निदान ही तरी माझ्या बाजूनं आहे.

तळं आमच्या गावाच्या वरच्या अंगाला. सातपुड्यातून येणारा नाला उत्तरेकडून त्यात शिरतो. तिथं सगळा गाळ साचलेला, उथळ पाणी, पाणकणसाचं रान, बेडूक आणि बगळे. दक्षिणेला मातीची उंच पाळ, तिला पाण्याच्या बाजूनं दगड लावलेले. पूर्वेला जराशी वाळू, तिथं बायका धुणं धुवायच्या. दिवाळी होऊन गेली होती. थंडी सुरू झाली होती, आणि गाळाच्या कोपऱ्याला लागूनच मोठ्याबाबांचं कांद्याचं रोप वाफ्यात वीतभर झालं होतं. त्याला पाणी त्याच कोपऱ्यातून, इंजिन लावून. ही गोष्ट मला तेव्हाच ठासून सांगायला हवी होती असं आता तुम्हाला वाटेल. अहो, सांगितली होती! पण त्यांच्या आवाजाखाली माझा आवाज तो काय!

पाण्यावरचं तेल वाऱ्याबरोबर जातं, म्हणून आधी वारा बघायला हवा. रत्नागिरीला सरांनी सांगितलं होतं की पाण्यावर तरंगणाऱ्या चकत्या सोडतात आणि त्या कुठं लागतात ते बघतात. माझ्याकडे चकत्या कुठल्या! मी आईला ज्वारीच्या लाह्या भाजायला लावल्या. टोपलंभर पांढऱ्याशुभ्र लाह्या मी भल्या सकाळी तळ्यात सोडल्या. अर्धं गाव पाळीवर येऊन बसलं होतं. लाह्या झोकात निघाल्या, आणि मध्यावर पोचेपर्यंत बुडुक, बुडुक. माशांनी सगळ्या फस्त केल्या. एक लाही म्हणून काठाला लागली नाही.

"हे पाह्य," मोठेबाबा पाळीवरून गरजले, "तेल सांडलं तं मासोया पिऊन टाकतीन! झालं काम!"

पाळीवर हशा. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तशीच घरी आले, कोठीतली भुईमुगाची फोलपटं टोपल्यात भरली, परत गेले आणि पाण्यात उपडी केली. म्हटलं, खा आता! फोलपटं कोणी खाल्ली नाहीत. सकाळी ती हळूहळू दगडी पाळीला येऊन लागली, कारण सकाळी डोंगरावरून खाली वारा सुटतो. दुपारी ऊन तापलं तसा वारा फिरला आणि तीच फोलपटं पाळ सोडून उलटी निघाली, उत्तरेच्या गाळात जाऊन पाणकणसांत अडकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. गाळात शिरलेली मात्र सकाळच्या वाऱ्यानंही बाहेर निघेनात.

मी मोठ्याबाबांना निकाल दिला. धोका सगळ्यात जास्त गाळाच्या कोपऱ्याला, मग धुण्याच्या वाळूला आणि सगळ्यात कमी दगडी पाळीला.

"अवं, रोज सकाळी मी तोंड धुतो पाळीवर! सारा फेस, सारा कचरा तिथीच येते. तुह्या फोलपटाले नाही समजत, मले समजते. पाळीचं वाटोळं होईन. गाळाले काय होते? गाळ तं गाळच हाये."

"लागण्यात आणि राहण्यात फरक आहे, मोठेबाबा. दगडाला लाट धुते. गाळाला कोण धुणार?"

"हातच्या काकनाले आरसा कायले?" म्हणाले, आणि उठले.

मला वाटलं, रागावून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर गेले तर स्वारी इंजिनाच्या जळक्या ऑइलचा डबा घेऊन उभी! दोन वर्षांचं साठवलेलं काळंकुट्ट ऑइल, गाडीच्या आसाला लावायला ठेवलेलं. मी ओरडले, हात धरला, पाया पडले. म्हटलं, धोका आधी ओळखायचा तो तेल सांडू नये म्हणून, आणि तुम्ही सांडूनच बघता?

"वानगी म्हंजे वानगी," ते म्हणाले, आणि डबा उपडा केला.

जगात जहाजं बुडतात, फुटतात, खडकावर आदळतात. पण किनाऱ्याचा धोका तपासायला स्वतःच्या हातानं तेल ओतणारा माणूस आमच्या घरातच निपजायचा होता.

ऑइल पाण्यावर पसरलं, ऊन पडताच त्यावर जांभळे-हिरवे रंग उठले, आणि सकाळच्या वाऱ्यानं ते सरळ पाळीला जाऊन चिकटलं. दगड काळे ठिक्कर. मोठेबाबा अक्षरशः नाचले. धोतराचा सोगा वर धरून त्यांनी गावाला हाका मारल्या, "या बे, पाहा बे! पाळीले लागलं! पोरगी नापास!" मी घरी येऊन कोपऱ्यात बसले आणि रडले. काय करणार? डोळ्यांदेखत माझी नोकरी दगडाला चिकटली होती. आई आली, शेजारी बसली, पाठीवरून हात फिरवला. "जेवून घे," एवढंच म्हणाली.

दुपारी वारा फिरला. पण दुपारी तळ्यावर कोण जातं! मोठेबाबा तर जिंकून, जेवून, घोरत होते. उठल्यावर खुशीतच मळ्यात गेले आणि कांद्याच्या रोपाला पाणी द्यायला स्वतःच्या हातानं इंजिन सुरू केलं. त्या कोपऱ्यात पाणी उथळ, त्यामुळं इंजिनाचा पाइप वरचीच साय ओढायचा. पाळीवरून सुटून आलेलं सगळं ऑइल तोवर तिथं पोचलेलं. ते पाटातून निघालं आणि चमकत चमकत वाफ्यात शिरलं. मोठेबाबांना आधी वाटलं, उन्हाचे रंग आहेत.

रोप दोन-तीन दिवसांत माना टाकून पडलं. शेंडे पिवळे, मग तपकिरी, मग नुसतं काडीकाडी. वर्षाचा कांदा त्या वाफ्यांत होता. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, असं बोलली की तो आवाजही तळ्यापलीकडे गेला असेल. मोठेबाबा बांधावर उकिडवे बसून एकेक रोप उपटून बघायचे, बोटाला लागलेलं तेल धोतराला पुसायचे. मी बरोबर ठरले होते, पण खरं सांगते, मला कणभरही आनंद झाला नाही. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

तळं साफ करणं भाग होतं. गावानं एकेक उपाय काढला. एकानं धुण्याचा सोडा ओतला, त्यानं पाणी फेसाळलं आणि दोन मासे उलटे झाले. दुसऱ्यानं कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, टाकलं, ते तेलाऐवजी पाणी पिऊन तळाशी गेलं. मग माझ्या डोक्यात आलं की आपण कापसाच्या मुलखातली माणसं, दिव्यात वात काय करते हे आपल्याला कोणी शिकवायला हवं का? वेचणीनंतर उरलेली कवडी, म्हणजे पिवळा पडलेला टाकाऊ कापूस, घरात कोपऱ्यात पडून होती. मी त्याचे पुंजके पाण्यावर टाकले. ते बुडाले नाहीत. तेल पिऊन काळे झाले आणि वरच तरंगत राहिले.

मग आई आणि मी रोज पदर खोचून त्या गाळात उतरायचो. पांढरा कापूस टाकायचा, काळा उचलायचा. पोटऱ्यांपर्यंत चिखल, वर डास. पाळीचे दगड केव्हाच धुऊन निघाले होते, फक्त सांदीत थोडे डाग. इथं मात्र पाय टाकला की खालून पुन्हा रंगीत तवंग वर यायचा. मी सगळा वेळ बडबडत होते. समुद्र असा, भरती अशी, खारफुटीची मुळं जमिनीतून वर येऊन श्वास घेतात, तिथली माणसं भात खातात, मी पहिल्या पगारातून तुला काय आणू. आई पुंजके उचलत ऐकायची. मध्येच म्हणायची, "इकडं राह्यलं पाह्य थोडं." मला वाटायचं, किती समजूतदार आहे माझी आई.

एका सकाळी मोठेबाबा काठावर आले. पाण्यात काठी घातली, हलवली, वर आलेला तवंग पाहिला.

"अजून निंघूनच राह्यलं!"

"अजून निघेल," मी म्हणाले.

"पाळीचं केव्हाच गेलं."

"हो."

"तू म्हनलं होतं." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मग नेहमीचा आवाज लावून म्हणाले, "जाय! तिथल्या सायबाले सांगजो, आमच्या घरची वानगी पाहून झाली. अन् त्या जहाजवाल्यायचं टकुरं फिरलं असन तं माह्याजोळ धाडजो, माह्ये वाफे दाखवतो त्याईले!"

मी चिखलासकट धावत जाऊन त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्यांचं धोतर काळं झालं. ते धोतर पुढं कधीच पांढरं झालं नाही आणि मोठीआईनं त्याबद्दल मला कधी माफही केलं नाही.

निघायच्या दिवशी मोठेबाबांनी आम्हाला बैलगाडीनं जळगाव जामोदच्या स्टँडवर आणलं. नांदुऱ्याला जाणारी बस लागली तशी ते रुमाल घेऊन जागा धरायला खिडकीकडे धावले आणि आत बसलेल्या कोणाशी तरी भांडू लागले. आई आणि मी ट्रंकेपाशी उभ्या होतो. मी आनंदानं नुसती उडत होते. आई ट्रंकेच्या कुलपाकडे बघत होती.

"साऱ्याईले इचारलं तू," ती म्हणाली. "मोठ्याबाबाले इचारलं. तळ्याले इचारलं. वाऱ्यालेही इचारलं. मले काई इचारलं नाही."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी भांडले असते. मी म्हणाले, "मला वाटलं, तुझं हो असणारच."

"नाही म्हनलं असतं मी."

बसच्या खिडकीपाशी मोठेबाबा ओरडत होते की जागा भेटली, लवकर या. एवढे दिवस तिच्या शेजारी उभं राहून मी त्या गाळातलं थेंबथेंब तेल ओळखलं होतं.

"मग आता विचारते," मी म्हणाले. "आई, जाऊ?"

तिनं माझी वेणी पुढं घेतली, सुटलेली रिबीन पुन्हा बांधली, गाठ घट्ट ओढली.

"आता इचारलं ना," ती म्हणाली. "आता जाय."

बस सुटली. मोठेबाबा धुळीत बसच्या मागे धावत सूचना देत होते, पाण्यात खोल जाऊ नको, मासे खाऊ नको, वानगी पाहिल्याशिवाय कोणावर भरवसा ठेवू नको. आई होती तिथंच उभी होती. मी रुमाल तोंडाला लावून जी रडायला लागले ती थांबेनाच. कंडक्टर तिकीट फाडता फाडता माझ्याकडे बघत राहिला.

"ताई, सासरी चालल्या का?"

"नाही. नोकरीवर."

"मंग रडता काऊन?"

"आईला विचारायचं राहिलं होतं."

भला माणूस. त्यानं घंटीची दोरी धरली. "थांबवू का गाडी? स्टँड दिसून राह्यला अजून."

"नको," मी म्हणाले. "विचारलं."